काचेच्या अलीकडे

आमच्या दोडामार्गात गाणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो ऐकणाऱ्यांचा. देवळात भजनाला बसलेल्या वीस माणसांपैकी अठराजण आपली पाळी केव्हा येते याची वाट बघत असतात. राहिलेले दोघे पेटीचे आणि पखवाजाचे मालक असतात. त्यांना सामान घेऊनच घरी जायचं असतं. डबलबारी असली तर विचारूच नका. घाटावरच्या वाचकांना डबलबारी ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, दोन्हींकडचे झांजवाले आणि कोरस, असा सगळा फौजफाटा एका मांडवात आणायचा आणि रात्रभर एकमेकांवर सोडायचा. एका बुवानं अभंग म्हणायचा, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, पहिल्यानं त्या उत्तराचे वाभाडे काढायचे. यात कुठलाच बुवा दुसऱ्याचं ऐकत नसतो. तो उत्तर शोधत असतो. ऐकणं आणि उत्तर शोधणं यांतला फरक, लग्नाला दहा वर्षं झालेल्या वाचकांना मी वेगळा समजावून सांगायला नको.

त्यातून आम्ही पडलो सीमेवरचे. चेकनाका ओलांडला की गोवा. कामाला पलीकडे, दवाखान्याला पलीकडे, तेव्हा गाण्यातली मोठी माणसंही आम्ही अधूनमधून पलीकडूनच उसनी आणतो. केसरबाई केरकर ‘आमच्याच शेजारच्या’ असं इथं छातीठोकपणे सांगणारे पाचजण मला माहीत आहेत. वास्तविक आमच्या तालुक्याला लागून आहे ते सत्तरीतलं केरी, आणि केसरबाईंचं केरी फोंडा महालातलं. पण भूगोलानं अभिमानाच्या आड येऊ नये अशी आमच्याकडे पद्धत आहे. त्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांतून तबकडीवर घालून सूर्यमालेच्याही बाहेर धाडला. तेव्हा सत्तरी काय आणि फोंडा काय, तिथून बघितलं तर दोन्ही केरी सारखीच जवळ.

तर अशा या गावात आमच्या बुवांनी गेल्या वर्षी गाणं सोडलं.

बुवा म्हणजे पस्तीस वर्षं पंचक्रोशीत गाजलेला आवाज. काउंटरच्या पलीकडून मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. सुपारीचे पैसे भरायला यायचे ते दहा-दहाच्या नोटांचा गठ्ठा घेऊन, आणि प्रत्येक नोटेला बुक्क्याचा वास. नोटा मोजताना मला सात्त्विक वाटायचं आणि शिंका यायच्या. त्या दिवशी मात्र बुवा पैसे भरायला नव्हे, काढायला आले होते. चांगले चाळीस हजार. चाळीस हजार काढणाऱ्या माणसाला ‘कशाला?’ असं विचारायचं नाही असा बँकेचा नियम आहे आणि विचारल्याशिवाय राहायचं नाही असा गावाचा.

“बुवा, घराचं काम काढलं काय?”

“नाय ओ. मायक हाडतंय. एक बरोसो मायक आणि ता काय ता… कॉम्प्युटराक जोडतत ता.”

“नवीन बारी जोरात दिसते!”

“बारी सोपली,” बुवा म्हणाले. “आता मी गावचंय नाय. आता पोरांका गावक लावतलंय. तेंचा रेकॉर्डिंग करतलंय.”

माझा हात नोटांवर थांबला. रांगेतली मागची दोन माणसंही गप्प झाली. एरवी ती रांगेत आवाजासाठीच उभी असतात.

“कित्याक? आवाज बसलो?”

“आवाज खंय जातलो? आसा तो आसाच. पण वाडीतल्या एका चेडवाचो आवाज माज्यापेक्षा बरो आसा. मगे मी कित्याक मधी बोंब मारू?”

हे वाक्य मी आजवर कुठल्याही कलावंताच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. कलावंताच्याच कशाला, माझ्या ऑफिसातही ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या क्लार्कचा बॅलन्स माझ्यापेक्षा लवकर टॅली होतो, सबब मी आता त्याच्यासाठी पेन्सिली तासत बसतो, असं म्हणणारा मनुष्य आमच्या धंद्यात अजून जन्माला यायचा आहे.

गावानं या गोष्टीची जी कारणं शोधली ती शोधायला गाव समर्थ आहे. कोणी म्हणालं, घशाचं ऑपरेशन झालंय. कोणी म्हणालं, मागल्या जत्रेत पलीकडच्या बुवानं पाडला, ते मनाला लागलं. रिक्षास्टँडवर तर बुवांना यूट्यूबवरून लाखो रुपये मिळणार असल्याची पक्की खबर होती. त्यांच्या खात्याकडे बघून ती खबर मी खोडून काढू शकलो असतो, पण ग्राहकाची माहिती बाहेर फोडता येत नाही. एवढ्या एका नियमापायी मला गावात मोठेपणा मिळवायच्या किती संधी सोडाव्या लागतात, हे वरच्या साहेबलोकांना कळायचं नाही.

मला स्वतःला मात्र त्या क्षणी एक वकील आठवले. दोडामार्गच्या बुवांवरून नागपूरच्या वकिलांकडे जाणं जरा लांबचं वाटेल, पण थोडा धीर धरा. हे वकील म्हणजे जी. एन. जोशी. गोविंदराव. मराठी भावगीत ज्या काळात पाळण्यात होतं त्या काळातला त्याचा लाडका गळा. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रिकेवर गायली आणि मग ती शीळ फोनोवाल्या प्रत्येक घरातून ऐकू येऊ लागली. त्याच सुमारास गांधारी हनगल या नावानं गाणाऱ्या एका तरुण मुलीबरोबरही त्यांचं युगुलगीत निघालं. या गांधारी म्हणजेच पुढच्या गंगूबाई हनगल. म्हणजे वकिलांची सोबतसुद्धा साधीसुधी नव्हती. रूप, गळा, सनद, तिन्ही जागेवर. अशा माणसानं काय करावं? तर गात राहावं आणि फावल्या वेळात अशिलांकडे बघावं.

१९३८ साली त्यांनी एच.एम.व्ही.त नोकरी धरली. काम काय, तर दुसऱ्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं.

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या हिशेबाच्या वहीला दोन बाजू: जमा आणि नावे. ‘नावे’ म्हणजे खर्ची पडलेलं. कॉलेजात असताना मला ही गोष्ट फार उलटी वाटायची, की माणूस जन्मभर ज्या नावासाठी धडपडतो त्याच शब्दाला आमच्या शास्त्रात खर्च का म्हणावं. गोविंदरावांची हकिगत वाचल्यावर थोडा उलगडा झाला. आपलं नाव त्यांनी खर्ची घातलं आणि पुढची तीसेक वर्षं लोकांच्या खात्यावर जमा करत बसले.

आणि ते काम वाटतं तितकं आरामाचं नव्हे. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मिळायची जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात आमच्याकडचा गवई पेटीची धूळसुद्धा पुसत नाही. ज्याचं गाणं तास-दीड तास चालायचं, ज्याचा आवाजच अर्ध्या तासानं तापायचा, अशा खाँसाहेबांना समजवायचं, की खाँसाहेब, हा तांबडा दिवा लागला की सुरू करायचं आणि तीन मिनिटांत राग, बंदिश, ताना आणि घराण्याची अब्रू एवढं सगळं आटोपायचं. वर पुन्हा, खाकरायचं नाही. मध्येच कुणी ‘वाहवा’ म्हणायचं नाही. पानाची पिचकारी नाही. खाँसाहेबांना राग यायचा हक्क होता, मुद्रण करणाराला नव्हता. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बिस्मिल्ला खाँ, बेगम अख्तर, अशा एकाहून एक मिजाशींना गोविंदरावांनी त्या काचेपुढे आणून बसवलं. त्यांच्या आठवणींचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. माझा स्वतःचा असा समज आहे, की हे काम एखाद्या नुसत्या साहेबाच्यानं झालं नसतं. ज्याला स्वतःला गाता येतं आणि तरीही जो गप्प बसतो, त्याच्याच पुढं गाणारा मोकळा होतो. ज्याला गाता येत नाही तो गप्प बसला तर त्यात त्याचं काय गेलं?

पण हे सगळे आधीच नावाजलेले. बुवांच्या गोष्टीशी मेळ बसतो तो १९६७ सालच्या एका तबकडीचा. ही तबकडी माझ्या घरी आहे. एका निवृत्त हेड कॅशियरनी घर बदलताना मला दिली. माझ्याकडे ती वाजवायचं यंत्र नाही, त्यामुळे गाणं मोबाइलवर ऐकतो आणि वेष्टण हातात धरून बसतो. बायको याला ‘तुमचं सोवळं’ म्हणते.

तबकडीचं नाव ‘कॉल ऑफ द व्हॅली’. त्या साली गोविंदराव साठीकडे झुकलेले. ज्या वयात आमच्याकडे माणसं ग्रॅच्युइटीचा हिशेब कागदावर मांडतात आणि नवीन पोराला शिकवायचं झालं तर आधी त्याला चहा आणायला पाठवतात, त्या वयात या गृहस्थांनी तिशीच्या उंबरठ्यावरची तीन पोरं गोळा केली. एक काश्मीरकडचा, संतूर वाजवणारा. संतूर हे काही रागदारीचं वाद्य नव्हे असं जाणत्यांचं मत. दुसरा अलाहाबादच्या पहिलवानाचा मुलगा, कटकच्या आकाशवाणीतून मुंबईला आलेला, बासरी घेऊन. तिसरा जोधपूरचा, चक्क गिटारवाला. गिटार म्हणजे त्या काळी हॉटेलातली वस्तू. ती आडवी मांडीवर घेऊन हा गडी राग वाजवायचा. या तिघांची नावं शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा. तबल्याला माणिकराव पोपटकर.

आज ही नावं वाचताना आपण कानाच्या पाळीला हात लावतो. पण १९६७ साली कर्ज मागायला हे तिघे आमच्या शाखेत आले असते तर? अर्जदार क्रमांक एक, व्यवसाय: शंभर तारांवर दोन काड्यांनी मारणे. अर्जदार क्रमांक दोन, तारण: बांबू. जामीन कोण राहणार? माझी सही मी केली नसती, हे स्वच्छ सांगतो.

गोविंदराव जामीन राहिले. नुसते राहिले नाहीत, काम योजून दिलं: काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेला अहिरभैरव, सकाळी नटभैरव, दुपारी पिलू, मग भूप, देस, आणि रात्र पडल्यावर पहाडी. बाजूला मिळणार वीस-बावीस मिनिटं, तेवढ्यात सूर्यही उगवला पाहिजे आणि प्रेयसीही भेटली पाहिजे. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या अंगावर जायचं नाही. एकानं वाजवायचं आणि दोघांनी ऐकायचं. आमच्या डबलबारीच्या नेमकं उलट! ती तबकडी हिंदुस्थानात खपली, परदेशात खपली, अजून ऐकली जाते. संतूरला कोणी पुन्हा हसलं नाही. तुम्ही ऐकलीच असेल. नसेल ऐकली तर हा लेख बाजूला ठेवा आणि ऐका. लेख कुठे जात नाही.

आता या तबकडीच्या वेष्टणावर वाजवणाऱ्यांची नावं मोठी, हे बरोबरच आहे. मुद्रण करणाऱ्याचं नाव लोक वाचतात तरी कुठं? या धंद्याच्या सुरुवातीपासून नाव म्हणजे गाणाऱ्याचंच. गौहरजान तर १९०२ सालापासून गाणं संपलं की ठणठणीत इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. परदेशातल्या कारखान्यात तबकडी छापणाऱ्या साहेबाला कुठल्या बाईचं गाणं ते कळावं म्हणून. तो साहेब बिचारा मात्र कधी म्हणाला नाही, की अँड माय नेम इज अमुक. पण गंमत बघा. एच.एम.व्ही.च्या तबकडीवर चित्र कोणाचं होतं? गवयाचं? नाही. कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेल्या कुत्र्याचं. म्हणजे ऐकणाऱ्याचं! एवढ्या मोठ्या कंपनीला गाणाऱ्याचं चित्र छापता आलं नसतं थोडंच? हे मी बुवांना सांगितलं तेव्हा त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “म्हंजे माका तुमी कुत्रो म्हणतास?” तेव्हापासून मी उपमा जपून देतो.

गोविंदरावांची हकिगत मात्र त्यांना आवडली. विशेषतः वकिली सोडली हा भाग. “आमच्या जिल्ह्यातलेय वसंत देसाई तसलेच,” मी म्हटलं, कारण सोनवड्याचं नाव घेतल्यावर कुडाळपासून दोडामार्गपर्यंत सगळ्यांची मान वर होते. तेही आधी प्रभात कंपनीत पडद्यावर दिसत होते, गात होते. पुढं संगीतकार झाले, आणि १९७१ साली ‘गुड्डी’त वाणी जयराम यांचा आवाज हिंदीत आणला तो त्यांनीच. बुवा म्हणाले, “तेंची गोष्ट येगळी. तेंका स्टुडियो होतो. माज्याकडे माजघर आसा.”

त्या माजघरात रेकॉर्डिंगच्या रात्री मी गेलो होतो. भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगलेल्या, त्यामुळे खोली बाळंतिणीची वाटत होती. पंखा बंद, कारण तो आवाज करतो. फ्रीज बंद, कारण तो हुंकार देतो. कोंबडे शेजाऱ्याकडे पाहुणे धाडलेले. स्टुडिओला असते तशी काच नव्हती. मधल्या दाराला साडी लावली होती. साडीच्या पलीकडे ती मुलगी, बारावीतली, आणि अलीकडे कॉम्प्युटरपुढे बुवांचा पुतण्या, बुवा आणि मी. मला बोलावण्यामागं बुवांचा हेतू एवढाच, की बँकेतला माणूस तासन् तास काचेआड गप्प बसू शकतो.

पहिल्या वेळी कडव्याच्या मध्यावर एस.टी.नं हॉर्न दिला. दुसऱ्या वेळी वीज गेली. तिसऱ्या वेळी गाणं अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप आलं आणि डोंगराकडून धडाधड फटाके सुरू झाले. दिवाळी नव्हती. हत्ती आले होते. आमच्या तालुक्यात २००२ सालापासून कर्नाटकातून हत्ती उतरतात, आणि केळी-माडांच्या बागांतून त्यांना हुसकायला रात्री फटाके लावावे लागतात. एच.एम.व्ही.च्या गोविंदरावांना खाँसाहेबांची मर्जी राखावी लागली असेल, पण गणपतीच्या आकाराचं जनावर आवरावं लागलं नसेल. बुवा शांतपणे म्हणाले, “पुतण्या, ता ठेव हां. भजनात हत्तीचो पाठिंबो.”

मग मुलगी एका जागी अडली. अभंगाची चाल बुवांची स्वतःचीच, तीस वर्षांपूर्वी बांधलेली, त्यांच्या नावानं ओळखली जाणारी. अंतऱ्यावरून वर जाऊन परत समेवर यायची जी जागा, ती तिला सापडेना. चारदा झालं, पाचदा झालं. साडीमागून रडवेला आवाज आला, “आजोबा, तुमीच म्हणा ना एकदा.”

बुवा बसल्या जागेवरून, पेटीबिटी न घेता, गायले. एकच ओळ. हळू आवाजात, मांडव नाही, पखवाज नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. वीस वर्षांत मी त्यांना शंभर वेळा ऐकलं असेन. असं कधी ऐकलं नव्हतं. डोंगराकडचे फटाकेसुद्धा नेमके तेव्हा थांबले होते. पुतण्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ वरखाली होत होती. म्हणजे यंत्र चालूच राहिलं होतं.

“काका,” पुतण्या म्हणाला, “ह्या मस्त इला. ह्या सुरवातीक लावया?”

“पूस ता.”

“ओ काका, पण…”

“तिच्या गाण्यात माझो आवाज कित्याक? लोक माकाच आयकतले. पूस.”

मी तोंड उघडलं होतं. त्या ओळीसाठी मी दहा दिवसांची रजा खर्ची घातली असती. पण काचेआडच्या माणसानं व्यवहारात बोलायचं नसतं. आणि बुवा पडद्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते साडीकडे कान लावून, मान जराशी वाकडी करून बसले होते. पुतण्यानं बटण दाबलं. हिरवी रेघ गेली. पलीकडून मुलीनं ती जागा घेतली, आणि घेतली ती बुवांसारखी नव्हे, तिची तिनंच काहीतरी निराळी घेतली. पुतण्यानं दचकून बुवांकडे पाहिलं. बुवांनी हातानं खूण केली, की चालू दे.

गाणं यूट्यूबवर चढवताना ‘निर्माता’ म्हणून काय लिहायचं, असा प्रश्न आला. पुतण्याला बुवांचं नाव हवं होतं. बुवा म्हणाले, मंडळाचं घाल. शेवटी मंडळाचं घातलं, आणि मंडळाच्या नावात एक काना राहून गेला तो अजून तसाच आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी एक दिवस रिक्षास्टँडवर उभा होतो. एका रिक्षात ते गाणं लागलं होतं, चांगलं मोठ्यानं. बुवा बाजाराची पिशवी घेऊन समोरून येत होते. रिक्षावाला आदरानं म्हणाला, “बुवानू, तुमच्या चेडवाचा लावलंय बघा!” बुवा थांबले, पिशवी खाली ठेवली, पूर्ण अंतरा ऐकला. मग खिडकीत वाकून म्हणाले, “वायच बारीक कर रे. पखवाज लय वर इलोहा. पुढच्या टायमाक बघूक व्हया.”